कूळ आणि भाडेकरू : सरकारी चाळींचा एक इतिहास

दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला मराठीत ‘कूळ’ म्हणतात आणि दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला ‘भाडेकरू’. हे दोन्ही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांच्यातील अंतर सहसा लक्षात येत नाही. कूळ म्हणजे घराणे, वंश. जमीन कसणाऱ्या माणसाला हा शब्द लावताना भाषेने त्याचे पिढीजातपण जणू गृहीतच धरले आहे. याउलट ‘भाडेकरू’ हा ‘यात्रेकरू’च्या जातीचा शब्द. संस्कृत ‘भाटका’पासून आलेले भाडे आणि त्याला जोडलेला ‘करू’ हा प्रत्यय. यात्रेकरू परत जाण्यासाठीच आलेला असतो, आणि भाडेकरूकडेही आपली भाषा त्याच नजरेने पाहते. तो चार पिढ्या एकाच खोलीत राहिला तरी भाडेकरूच राहतो. त्याचे कूळ होत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण महाराष्ट्रातील कायद्यानेही हाच भेद पाळलेला दिसतो. आमच्या भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे जमिनीवरील स्वामित्व काढून घेतले. मात्र गावच्या आबादीत ज्याचे घर होते ते त्याचेच राहील, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९५८ साली विदर्भासाठी स्वतंत्र कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९६१ हा दिवस कुळांना मालकी मिळण्याचा दिवस ठरला. पश्चिम महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९५७ रोजीच येऊन गेला होता. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा अंमलात किती आली आणि किती कुळांनी मालगुजाराच्या धाकाने आपणच आपला हक्क सोडला, हा वेगळा विषय आहे. तत्त्व म्हणून एवढे मान्य झाले की दीर्घकाळ कसण्यातून हक्क निर्माण होतो.

दीर्घकाळ राहण्यातून हक्क निर्माण होतो का? खाजगी घराच्या बाबतीत याचे उत्तर अर्धे होकारार्थी होते. विदर्भातील जुन्या पिढीला १९४९ चा ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ चांगला आठवत असेल. घरमालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी भाडेनियंत्रकाची परवानगी आणावी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. मुंबईत हेच काम १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने केले. या कायद्यांनी भाडेकरूला मालक केले नाही, पण त्याला हुसकावणे अवघड करून ठेवले. घरमालक विरुद्ध भाडेकरू ही आपल्या विनोदी वाङ्मयातील सदाबहार जोडी या कायद्यांच्या सावलीत वाढली, असे म्हणावयास हरकत नाही. मालकाने पाणी तोडावे, भाडेकरूने कोर्टात जावे, वीस वर्षे तारखा पडाव्यात आणि तोवर दोघांचीही नातवंडे एकाच अंगणात खेळू लागावीत, हे चित्र भंडाऱ्यापासून गिरगावापर्यंत सारखेच आहे.

परंतु मालक जर स्वतः सरकारच असेल तर? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या १९४७ च्या कायद्यातील चौथ्या कलमात होते. शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही, असे ते कलम सांगत होते. १९९९ साली सगळ्या महाराष्ट्राला एकच भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो विदर्भातही लागू झाला. त्यातही ही सूट जशीच्या तशी ठेवण्यात आली. म्हणजे ज्या राज्याने खाजगी मालकाचे हात बांधले, त्याने स्वतःचे हात मोकळे ठेवले. सरकारच्या भाडेकरूला सरकारपासून संरक्षण देणारा कायदाच झाला नाही. उलट १९५५ साली सरकारी जागांमधून माणसे काढण्यासाठी खास कायदा झाला, आणि त्यानुसार दिवाणी न्यायालयात दावा न लावता सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने घर रिकामे करता येऊ लागले.

यामागची विचारसरणी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती दुष्टाव्याची नव्हती. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या गृहनिर्माण मंडळाच्या एका भाडेकरूने या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ‘बाबूराव शांताराम मोरे विरुद्ध बॉम्बे हाउसिंग बोर्ड’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. खाजगी मालकाच्या भाडेकरूला जे संरक्षण मिळते ते मला का नाही, असा साधा प्रश्न त्यात होता. न्यायालयाने तो फेटाळला. खाजगी मालक नफ्यासाठी घर बांधतो, मंडळ लोकांच्या सोयीसाठी बांधते. म्हणून दोघांना वेगळी वागणूक देण्यात विषमता नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. मायबाप सरकार भाडेकरूला लुबाडणार नाही, हे येथे पुराव्याचा भाग नसून गृहीतक आहे. ‘मायबाप’ हा शब्द न्यायालयाने अर्थातच वापरलेला नाही, तो आमचा. पण त्या युक्तिवादाला दुसरे मराठी नाव सुचत नाही.

या गृहीतकाची परीक्षा जिथे शंभर वर्षे चालली, त्या मुंबईतील बीडीडी चाळींकडे आता वळावे लागेल. भंडाऱ्यातील लेखकाने वरळीबद्दल का लिहावे, असे एखाद्या वाचकाला वाटेल. सरकारी भाडेकरूंचे एवढे मोठे आणि इतका काळ टिकलेले दुसरे उदाहरण आपल्या राज्यात नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण या लेखात पुढे येईल. ते भंडाऱ्याच्या नझूल जमिनींशी निगडित आहे.

मुंबईत सार्वजनिक चाळींची सुरुवात प्लेगने केली. १८९६ च्या साथीनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रस्ते काढणे आणि विस्थापितांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम; पाडणे जितक्या वेगाने झाले तितके बांधणे झाले नाही. याच ट्रस्टच्या परळच्या पोयबावडी येथील चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे दोन दशके राहिले. पन्नास आणि एक्कावन क्रमांकाच्या त्या दोन खोल्यांचा उल्लेख त्यांच्या चरित्रांतून येतो, परंतु ते त्या काळात एका सार्वजनिक संस्थेचे भाडेकरू होते, या बाजूने आपण तो सहसा वाचत नाही. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ही सगळी वर्षे त्या भाड्याच्या खोल्यांतील आहेत. खाजगी चाळीत अस्पृश्य भाडेकरूला जागा मिळण्याची मारामार होती. सार्वजनिक मालकाने निदान ते दार उघडले, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. (बाबासाहेबांचा भंडाऱ्याशी संबंध १९५४ चा. त्या वर्षीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते येथून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या पराभवाबद्दल आमच्या जिल्ह्यात अजूनही थोडे खालच्या आवाजात बोलले जाते.)

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई असह्य झाली. १९२१ च्या जनगणनेत शहराची सुमारे दोनतृतीयांश लोकसंख्या एकखोली बिऱ्हाडात राहत असल्याचे दिसून आले. गिरण्यांचा नफा शिगेला पोचला होता आणि संपही वाढत होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढले. बीडीडी ही अक्षरे त्यातून आली. समुद्र हटवून बॅकबेची नवी जमीन तयार करणे आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे, अशा दोन मोठ्या कामांची घोषणा झाली. खोल्यांच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. म्हणजे विदर्भाच्या काळ्या मातीतून मुंबईला गेलेल्या गाठींनीही त्या भिंतींना हातभार लावला आहे. आमच्या भाताच्या जिल्ह्याचा त्यात वाटा नसेल, पण शेजारच्या वर्ध्याचा आणि वऱ्हाडाचा निश्चितच आहे.

पन्नास हजारांचा संकल्प सोळा हजारांवर थांबला. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी १९२५ च्या सुमारास उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आत एक मोरी, शौचालये मजल्याच्या टोकाला सामाईक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, त्या काळी नवलाईचे. मध्यभागी लांबलचक अंधारी मार्गिका आणि तिच्या दोन्ही अंगांना खोल्या. मराठी साहित्यातील चाळीला गॅलरी असते, कठडा असतो, समोरच्या बिऱ्हाडाशी बोलण्याची सोय असते. बीडीडी चाळीला ही गॅलरीच नाही. तिचे दार उजेडाकडे नव्हे, शेजाऱ्याच्या दाराकडे उघडते. बराकीच्या या आराखड्यात कामगाराच्या झोपण्याची व्यवस्था आहे. त्याच्या संसाराची कल्पना आराखडा काढणाऱ्याने केली असावी असे वाटत नाही.

आणि गंमत अशी की चाळी तयार झाल्यावर त्यांत राहायला माणसे मिळेनात. भाडे गिरणी कामगाराला परवडणारे नव्हते, वरळी गिरण्यांपासून दूर होती, सोयी अपुऱ्या होत्या. अनेक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजूर आणि घरे यांवरील पुस्तक १९२५ मध्ये निघाले. ज्यांच्यासाठी ही बांधकामे चालली होती त्यांच्या एकखोली बिऱ्हाडांचे वर्णन त्यात विस्ताराने आहे. बॅकबेची योजनाही कोलमडली, खर्च फुगला, आणि खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी खात्यातील गैरव्यवहारावर बोट ठेवल्याबद्दल त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला. त्यातून ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांचे पहिले पक्के रहिवासी राजबंदी असावेत, हे एखाद्या कादंबरीकाराने रचले असते तर आपण ते अतिरंजित म्हटले असते.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ पासून श्रीमंतांवर चढत्या दराने घरबांधणी कर बसवला आणि १९३४ पर्यंत सुमारे ६०,००० सदनिका कामगारांसाठी बांधल्या. त्यांना अंगणे होती, वाचनालये होती, धुलाईघरे होती. फरक पैशाचा म्हणावा तर तो मुंबईच्या गिरण्यांजवळही होता. व्हिएन्नात बांधणारे सरकार भाडेकरूंच्याच मतांवर निवडून आले होते; मुंबईतील खात्याला भाडेकरूचे मत विचारण्याचे कारण नव्हते. त्याला मतच नव्हते.

चाळी भरल्या त्या पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या आणि फाळणीच्या आगेमागे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार, गोदी कामगार, पालिकेचा सफाई कामगार, पोलीस शिपाई, सरकारी कचेरीतील चपराशी आणि कारकून. चाळींचे क्रमांक जातीचे पत्तेही झाले; अमुक क्रमांकापर्यंत बौद्धांची वस्ती, त्यापुढे सवर्णांची. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेली दंगल या भूगोलावरूनच पेटत गेली. पाच दिवसांनी परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमण्यात आला. घराचा हक्क म्हणजे छप्पर एवढेच आपण समजतो. त्या महिन्यांत वरळीच्या अनेक कुटुंबांना आपल्याच मार्गिकेतून नळापर्यंत जाणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या मालकाजवळ, म्हणजे सरकारजवळ, मालक या नात्याने त्यावर काही उत्तर नव्हते.

या मालकाचे रूप कसे होते? चाळींची व्यवस्था सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि भाड्याची वसुली ‘संचालक, बीडीडी चाळी’ या कार्यालयाकडे. भाडे काळाच्या ओघात नाममात्र झाले आणि डागडुजीही त्याच मापाने नाममात्र झाली. काँक्रीटमधील सळ्या फुगून छताचे तुकडे पडू लागले. खोली बापाकडून मुलाकडे जात राहिली, कधी कागदावर, कधी नुसतीच. गावाकडच्या भावाला ठेवून घेतले, पुढे तो तिथलाच झाला. कुणी पैसे घेऊन दुसऱ्याला दिली. कायद्याच्या दृष्टीने अशा हस्तांतराला आधार नव्हता, तरी शासनाने वेळोवेळी अशी हस्तांतरे नियमित केली. यातच या व्यवस्थेचे मर्म आहे. खाजगी मालकाचा भाडेकरू कोर्टात जाऊन ‘हा माझा हक्क’ म्हणू शकत होता. सरकारच्या भाडेकरूने अर्ज करायचा, आणि सरकारने तो कृपावंत होऊन मंजूर करायचा. शंभर वर्षे हे घर अर्जावर चालले. म्हणून त्या घरांतील सर्वांत जपलेली वस्तू म्हणजे पत्र्याच्या पेटीतील जुन्या भाडेपावत्या. देव्हाऱ्याच्या शेजारी ही पेटी असे.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) वर्गात शिकवताना ती सर्व चाळींची प्रतिनिधी असल्याचे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात ती खाजगी मालकाच्या चाळीतील, भाडेनियंत्रण कायद्याने सुरक्षित झालेल्या पांढरपेशांची कथा आहे. तिच्यातील हसू बेघर होण्याच्या भीतीतून मोकळ्या झालेल्या माणसांचे हसू आहे. शेवटच्या ‘एक चिंतन’मध्ये सूर बदलतो, पण तेथेही चाळ जीर्ण झाल्याचे दुःख आहे, बाहेर काढले जाण्याचे भय नाही. याउलट कामगार आणि दलित साहित्यात घर नेहमी कोणाच्या तरी मर्जीवर उभे असते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून बाबूराव बागुलांनी लिहिलेल्या कथांत खोली ही विसाव्याची जागा म्हणून येत नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये गिरणी बंद पडलेल्या घराची जी घुसमट आहे, ती नोकरीची तर आहेच, नोकरीबरोबर पायाखालची जागाही जाते, ही जाण त्या नाटकाच्या नावातच आहे. मराठीत चाळीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण मालक खाजगी की सरकारी हा भेद समीक्षेने कधी फारसा विचारात घेतला नाही. तो घेतला तर विनोद कोठे शक्य होतो आणि कोठे होत नाही, याचे एक उत्तर मिळण्याची शक्यता आहे.

कायद्यात एक फट पुढे १९८९ साली पडली. ‘द्वारकादास मार्फतिया आणि सन्स विरुद्ध मुंबई पोर्ट ट्रस्ट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सार्वजनिक मालकाला भाडेनियंत्रण कायद्यातून सूट असली तरी त्याने मनमानी करून चालणार नाही. भाडेकरूला काढण्यामागे सार्वजनिक हिताचे आणि वाजवी कारण असले पाहिजे, आणि न्यायालय ते तपासू शकते. मायबापानेही हिशेब द्यावा, असा याचा अर्थ. मात्र त्या खटल्यातील भाडेकरू हरला. पोर्ट ट्रस्टचे कारण न्यायालयाला वाजवी वाटले. तत्त्व भाडेकरूंच्या बाजूने आणि निकाल मालकाच्या बाजूने, असा हा प्रकार आहे. कायद्याच्या इतिहासात तो दुर्मिळ नाही.

इंग्लंडशी तुलना केली तर आपल्याकडे काय सुटले ते स्पष्ट होते. तेथे १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना दोन हक्क एकदम दिले. एक, सुरक्षित भाडेकरूपणाचा : न्यायालयाने कारण मान्य केल्याशिवाय त्याला काढता येणार नाही, आणि त्याच्या पश्चात घर त्याच्या जोडीदाराला वा कुटुंबीयाला मिळेल. दुसरा, राहते घर सवलतीत विकत घेण्याचा. जितकी वर्षे राहिला तितकी सवलत अधिक. मार्गारेट थॅचर यांच्या या धोरणातील दुसरा हक्कच जगभर गाजला, त्यातून सुमारे वीस लाख घरे विकली गेली आणि पुढच्या पिढीसाठी नगरपालिकांकडे घरे उरली नाहीत, ही टीकाही रास्त आहे. पण पहिला हक्क विसरता कामा नये. भाडेकरू राहूनही निर्धास्त राहता येते, हे त्याने मान्य केले. महाराष्ट्राने ही मधली पायरी बांधलीच नाही. आपल्याकडे सरकारी भाडेकरू एक तर कृपेवर होता, किंवा मग तो एकदम मालक झाला.

बीडीडीचे भाडेकरू मालक झाले ते असे. पुनर्विकासाची चर्चा १९९० च्या दशकापासून होती. २०१६ साली शासनाने हे काम म्हाडाकडे सोपवले आणि २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, तेही विनामूल्य, असे आश्वासन होते. तरीही भाडेकरूंनी सहजासहजी दार उघडले नाही. पात्रता आधी ठरवा, करार आधी नोंदवा, मग घर सोडू, अशी त्यांच्या संघटनांची मागणी होती. ज्यांच्याकडे शंभर वर्षांत कधी हक्काचा कागद नव्हता, त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती कागद. वर्तमानपत्रांतून त्या काळी या मागणीचे वर्णन ‘अडवणूक’ असे झाले, ते आम्हांला पटत नाही. शंभर वर्षे अर्जावर काढलेल्या माणसाला आश्वासनाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते. वरळीतील प्रत्यक्ष बांधकामाचा आरंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना झाला, चाळींना बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी यांची नावे देण्याचे ठरले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या.

हा आनंदाचा प्रसंग होता आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. अंधाऱ्या मार्गिकेत जन्मलेल्या माणसाला स्वतःच्या घरात स्वतंत्र शौचालय मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. प्रश्न वेगळा आहे. हे घर त्याला कशामुळे मिळाले? चार पिढ्यांच्या वास्तव्यामुळे मिळाले, असे भाषणांत म्हटले जाते. हिशेब पाहिला तर ते वरळीच्या जमिनीच्या भावामुळे मिळाले. त्याच जमिनीवर विक्रीसाठी उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या उत्पन्नातून त्याच्या घराचा खर्च निघायचा आहे. वास्तव्य ही पात्रतेची अट झाली. हक्काचे कारण झाले नाही.

हे पोलिसांच्या उदाहरणावरून कळते. याच चाळींत सुमारे सव्वादोन हजार खोल्या पोलीस कुटुंबांच्या ताब्यात होत्या. कित्येक कुटुंबे तीस-चाळीस वर्षे तेथेच राहत होती, शिपाई म्हणून बाप निवृत्त झाला तर मुलगा भरती झाला आणि खोली तीच राहिली. परंतु ती सेवानिवासस्थाने असल्यामुळे हे रहिवासी ‘भाडेकरू’ ठरत नव्हते. २०२२ मध्ये त्यांना बांधकाम खर्च घेऊन घरे देण्याचे ठरले. रक्कम आधी ५० लाख जाहीर झाली, मग २५ लाख, आणि शेवटी १५ लाख. शेजारच्या दाराआडच्या कुटुंबाला तेच घर फुकट. एकाच वर्षात एका हक्काची किंमत दोनदा बदलते, तेव्हा तो हक्क नसतो, घासाघीस असते.

आणि आता भंडारा. आमच्याकडे सरकार मालक आहे ते प्रामुख्याने ‘नझूल’ जमिनीचे. १८५३ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला. शहरांतील जी जमीन कोणा खाजगी व्यक्तीच्या नावे नव्हती ती सरकारजमा होऊन तिला नझूल हे अरबी वळणाचे नाव पडले. तिचे भूखंड मुख्यत्वे तीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आले. भंडारा, तुमसर, गोंदिया, नागपूर या शहरांच्या जुन्या भागांत कित्येक घरे आजही अशा जमिनीवर आहेत. घर बांधले पणजोबांनी, जमीन सरकारची. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरणाचा अर्ज, वाढीव भुईभाडे, शर्तभंगाचा दंड. घर गहाण टाकायचे, विकायचे, वाटणी करायची, प्रत्येक वेळी तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या. भिंती स्वतःच्या असूनही हा माणूस सरकारचा भाडेकरूच आहे, आणि भंडाऱ्यातला भाडेकरू वरळीतल्याहून जुना असण्याचा संभव आहे. २०२४ मध्ये शासनाने नागपूर आणि अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली. जमिनीच्या मूल्याच्या २ टक्के अधिमूल्य भरले की पट्टा जाऊन मालकी येते. रक्कम पूर्वीच्या मानाने सवलतीची आहे आणि लोकांनी तिचे स्वागतही केले. परंतु योजनेचे नाव पाहावे. अभय अपराध्याला देतात. तीन पिढ्या भुईभाडे भरणाऱ्याने असा कोणता अपराध केला होता?

वरळीत घर फुकट आणि भंडाऱ्यात जमिनीसाठी २ टक्के, या फरकामागे न्यायाचे कोणतेही सूत्र सापडत नाही. भंडाऱ्याच्या गांधी चौकात चाळीस मजली इमारत बांधून विकायला कोणी येणार नाही, एवढेच कारण आहे. जेथे जमिनीला भाव नाही तेथे सरकारच्या भाडेकरूने दीर्घ वास्तव्याच्या बळावर काय मागावे, याचे उत्तर कूळकायद्याने १९६१ साली शेताच्या बाबतीत दिले होते. घराच्या बाबतीत ते कोणत्याही कायद्यात नाही.

मुंबईतही ते नाही, हे शिवडीने दाखवले. २०७ पैकी १२ चाळी शिवडीच्या. त्याच खात्याने, त्याच आराखड्याने, त्याच वर्षांत बांधलेल्या. तीच मार्गिका, तीच मोरी, चाळीत त्याच ऐंशी खोल्या. म्हणजे ९६० बिऱ्हाडे. मात्र शिवडीची जमीन राज्य सरकारची नसून मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग यांच्या योजनेत म्हणून शिवडीचा समावेश झाला नाही. १९८९ च्या ज्या निकालाने सार्वजनिक मालकाने वाजवी वागले पाहिजे असे सांगितले, त्या निकालातील मालक हाच पोर्ट ट्रस्ट होता. न्यायालयाने त्याला मनमानी करू नये असे बजावले होते. काही करूच नये, यावर त्या निकालात काही नाही.